सातबाऱ्यावर ‘मालक’ का नाही? मालकी नावाच्या समजुतीचा इतिहास (थ्रेड)

१/
सातबाऱ्याचा उतारा हाती घेऊन शेतकऱ्याच्या नावापुढे ‘मालक’ हा शब्द शोधून पाहावा. तो सापडत नाही. ज्या कागदाच्या बळावर लग्ने जुळतात, बँका कर्ज देतात आणि सख्खे भाऊ न्यायालयाची पायरी चढतात, त्या कागदावर शेतकऱ्याची ओळख ‘भोगवटादार’ अशी आहे. वर्ग १ किंवा वर्ग २. हा शब्द कारकुनाच्या लहरीने आलेला नाही. त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचे बळी आजही जिवंत आहेत.

२/
मालकीविषयी एक समजूत आज वेदवाक्यासारखी मानली जाते. वस्तूला एकच मालक असतो, तो तिचे काहीही करू शकतो, आणि विकण्याची मोकळीक हाच मालकीचा गाभा. ही समजूत सनातन आहे, असेही गृहीत धरले जाते. दख्खनचा इतिहास या दोन्ही गृहीतकांना छेद देतो. ‘मालकी म्हणजे विकण्याचा अधिकार’ हे समीकरण येथे एकोणिसाव्या शतकात, महसुलाच्या सोयीसाठी रुजवले गेले.

३/
मालकी ही एकसंध वस्तू नसून अनेक हक्कांची मोळी आहे. हुसकावले न जाण्याची हमी, उत्पन्नातला वाटा, वापराविषयीच्या निर्णयात मत, आणि विकण्या-गहाण टाकण्याची मुभा, अशा किमान चार काड्या तिच्यात असतात. चौथ्या काडीला उरलेल्या तिघींच्या डोक्यावर बसवल्याने काय झाले, याचा हा लेखाजोखा आहे.

४/
प्रारंभ मराठा काळातील गावापासून. गावाची वस्ती म्हणजे ‘पांढरी’ आणि लागवडीची जमीन म्हणजे ‘काळी’. काळीत कसणारे मुख्यत्वे दोन प्रकारचे: वंशपरंपरागत हक्क असलेला मिरासदार, ज्याला थळकरीही म्हणत, आणि मुदतीच्या करारावर कसणारा उपरी. ज्या मिरासदाराचे घराणे नष्ट झाले वा कायमचे परागंदा झाले, त्याची जमीन ‘गतकुळ’ ठरे.

५/
मिरास हा भक्कम हक्क होता. दुष्काळात गाव सोडून गेलेला मिरासदार अनेक वर्षांनी परतला, तरी देणे भागवून आपली जमीन परत मागू शके. मिरास विकताही येत असे. मात्र तो दोघांतला खाजगी सौदा नव्हता. पाटील, कुलकर्णी, भाऊबंद आणि बलुतेदार यांच्या साक्षीने तो होई. तंटा उद्भवल्यास गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. जमीन कोणाची, हे ठरवताना ‘गावात कोण राहणार’ हा प्रश्नही त्यात गुंतलेला असे.

६/
त्याच जमिनीवर इतरांचेही हक्क असत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, महार, मांग अशा बलुतेदारांना पिकाच्या राशीतून वाटा मिळे. देशमुख-देशपांड्यांचा हक्क वेगळा, सरकारचा सारा वेगळा. एका शेतावर पाच-सहा हक्क एकाच वेळी नांदत. ‘यांतला खरा मालक कोण?’ हा प्रश्न त्या काळच्या माणसाला चमत्कारिक वाटला असता.

७/
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि नेमका हाच प्रश्न विचारणारे सरकार आले. कंपनीला सारा कोणाकडून घ्यावा, यासाठी एक नाव हवे होते. पुणे जिल्ह्यात पहिली मोठी मोजणी प्रिंगल या अधिकाऱ्याने केली. रिकार्डोच्या खंड-सिद्धांताला प्रमाण मानून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा त्याने ठरवला. कागदावर निर्दोष असलेली ही पद्धत शिवारात कोलमडली. आकारणी इतकी जड झाली की रयतेने जमिनी सोडल्या.

८/
मग १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत सुरू केली. जमिनीचे ‘सर्व्हे नंबर’ पाडले, प्रतवारी लावली आणि सारा तीस वर्षांसाठी कायम केला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीला पक्के रूप दिले. सारा भरणारा तो ‘कब्जेदार’. त्याला जमीन विकता येईल, गहाण टाकता येईल, सोडूनही देता येईल. सातबाऱ्यावरचा ‘भोगवटादार’ या कब्जेदाराचाच वारस.

९/
या व्यवस्थेची बाजूही मांडली पाहिजे. सारा कमी झाला, पडीक जमीन लागवडीखाली आली, पाटलाची मनमानी काही अंशी आटोक्यात आली. उपऱ्यालाही कब्जेदार होता आले. मिरासदाराच्या तोऱ्यापुढे शतकानुशतके वाकलेल्या माणसाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती. मात्र सर्व्हे नंबर आणि नाव यांच्या या जोडीतून एक गोष्ट निसटली. जमिनीच्या व्यवहारात शब्द टाकणारे गाव वहीतून नाहीसे झाले. उरले दोघे: सरकार आणि कब्जेदार. लवकरच तिसरा आला: सावकार.

१०/
सावकार पूर्वीही होता. पण वाणी किंवा मारवाडी सावकाराला गावाच्या पाठिंब्याशिवाय वसुली करणे अवघड होते आणि व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, असा ‘दामदुपट’चा दंडक होता. नव्या दिवाणी न्यायालयांनी गावाची जागा घेतली. सही किंवा अंगठा असलेले खत हाच पुरावा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखतांना तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोला वाचवण्याचा होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले.

११/
जमीन विकता येऊ लागली म्हणून ती तारण झाली; तारण झाली म्हणून कर्ज सहज मिळू लागले; आणि कर्ज मिळाले म्हणून ती गेली. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले, तेव्हा सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून नव्या आकारणीत सारा जबर वाढला. विंगेटने स्वतः १८५२ मध्येच धनको-ऋणकोंच्या या विपरीत नात्याविषयी इशारा दिला होता.

१२/
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे, बाजाराचा दिवस. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यांनी काय जाळले, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नीट पाहावे. माणसांवरचे हल्ले त्या मानाने थोडे. मुख्य रोख होता वह्यांवर आणि खतांवर. आपला शत्रू कागदात बसला आहे, हे त्या निरक्षर रयतेने अचूक ओळखले होते.

१३/
चौकशीसाठी नेमलेल्या आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज लावलेले आढळले. दामदुपटीचा दंडक कुठल्या कुठे राहिला होता. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. न्यायालयांना खताच्या मागे जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालण्यावर बंदी आली. ज्या सरकारने ‘मोकळा सौदा’ आणला, त्यालाच चार दशकांत त्याला लगाम घालावा लागला.

१४/
डोंगराची गोष्ट शेताहून वेगळी नाही. १८७८ च्या वनकायद्याने विस्तीर्ण जंगले सरकारी झाली. चराई, सरपण, मध, बांबू यांवरचे रूढ हक्क ‘सवलती’ ठरले. आणि सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत, ते याच कारणाने. गरिबाच्या शेरडामेंढरांना चरायला जागा उरली नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. शेतात एका नावाने बाकीच्यांना बाहेर काढले. जंगलात ते एक नाव सरकारचे होते.

१५/
या धोरणांचे तत्त्वज्ञान विसाव्या शतकात पुन्हा डोके वर काढते. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने ‘सामाईकाची शोकांतिका’ मांडली. कुरण सर्वांचे असेल, तर प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो आणि कुरण उजाड होते. म्हणून एक तर खाजगी मालकी हवी, नाहीतर सरकारी. हा दाखला आजही पाठ्यपुस्तकांत मोठ्या ऐटीत वावरतो. मात्र हार्डिनचे कुरण काल्पनिक होते. त्यावरचे गुराखी एकमेकांशी बोलतही नाहीत.

१६/
एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी खरी कुरणे, खरी जंगले आणि खरे पाट पाहिले. १९९० च्या त्यांच्या ग्रंथात स्वित्झर्लंडमधील टॉर्बेल या गावाचा दाखला आहे. हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळी कुरणावर न्याव्यात, असा नियम त्या गावाने १५१७ मध्येच लिहून ठेवला होता. कुरण टिकले. २००९ मध्ये ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सामाईक म्हणजे बेवारस नव्हे, हा त्यांच्या संशोधनाचा सरळ अर्थ.

१७/
त्यासाठी स्वित्झर्लंडला जाण्याचीही गरज नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, पांझरा-मोसमच्या खोऱ्यांत, शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या शिवाराचे काही ‘फड’. एका फडात एकच पीक. कोणते, हे लाभधारक मिळून ठरवत. पाणी सोडायला आणि राखणीला पाटकरी, जागले अशी माणसे गावच नेमत असे. प्रत्येकाची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, म्हणजे टंचाईच्या वर्षी झळ सर्वांना सारखी.

१८/
येथे शेत व्यक्तीचे होते, पाणी सर्वांचे आणि पिकाचा निर्णय फडाचा. मोळीतल्या काड्या सोडवून वेगवेगळ्या हाती दिल्या, तर आकाश कोसळत नाही, हे त्या शिवाराने पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध केले. ‘ज्याचे शेत त्याची मर्जी’ हा एकमेव शहाणपणाचा मार्ग असल्याचा दावा करणाऱ्यांनी या पुराव्याला उत्तर द्यावे.

१९/
मात्र याच ठिकाणी सावध व्हावे लागते. जुन्या सामुदायिक व्यवस्थेचे गोडवे गाणारा दुसरा पंथही तितकाच अर्धवट आहे. गोव्याची गावकरी पाहावी. पोर्तुगीजांनी १५२६ च्या सनदेत तिचे रीतिरिवाज नोंदवले. पुढे ती ‘कोमुनिदाद’ म्हणून ओळखली गेली. खाजन जमिनींचे बांध राखणे, शेते वाटून देणे आणि उरलेल्या उत्पन्नातून गावकारांना ‘जोण’ देणे ही कामे ही संस्था शतकानुशतके करीत आली. संस्थेचे हे टिकाऊपण थोर आहेच.

२०/
परंतु गावकार कोण? मूळ घराण्यांतील पुरुष वंशज. ज्या स्त्रिया चिखलात उतरून भात लावीत, त्या यात नाहीत. दुसऱ्याच्या जागेत झोपडी बांधून राहणारा मुंडकार यात नाही. दख्खनच्या गोतसभेतही सगळे समान आसनावर बसत नव्हते. ‘समाजाची मालकी’ हे शब्द ऐकताच पहिला प्रश्न हा असावा: या समाजात कोणाकोणाला धरले आहे?

२१/
विकता न येणारा हक्क नेहमी चांगला, असेही नाही. महार वतन हे त्याचे कठोर उदाहरण. जमिनीचा तुकडा पिढीजात; त्याच्या बदल्यात गावची आणि सरकारची राबणूकही पिढीजात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते याच बेडीविरुद्ध. पुढे १९३७ मध्ये कोकणातील खोती नष्ट करण्यासाठी त्यांनी विधेयक मांडले. हमी होती, माणुसकी नव्हती.

२२/
म्हणून ज्यांच्या सात पिढ्यांनी मालकी उपभोगली, त्यांनी भूमिहीनाला ‘मालकीचा मोह सोड’ असा उपदेश करू नये. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. गायरान आणि पडीक जमीन कसणाऱ्यांच्या नावे करा, ही मागणी होती. त्या माणसांना जमीन विकायची नव्हती. कोणी ‘ऊठ’ म्हणू नये, एवढेच त्यांना हवे होते. त्यांनी मोळीतली पहिली काडी मागितली होती.

२३/
पहिली काडी नसली म्हणजे काय होते, हे मुळशीने त्याआधीच दाखवले होते. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यात धरण बांधायचे ठरले आणि १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. त्या खोऱ्यातील बरीच जमीन कागदोपत्री पुण्यातील सावकार-जमीनदारांची. कसणारे मावळे त्यांची कुळे. अखेर जमीनमालकांनी मोबदला पत्करला. आंदोलन विरले, खोरे बुडाले. ज्याने कधी नांगर धरला नव्हता, त्याच्या सहीने ते गेले.

२४/
स्वातंत्र्यानंतरच्या कूळ कायद्याने हा उलटा न्याय काही अंशी सरळ केला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवून, जमीन कसणाऱ्या कुळांना कायद्याने मालक मानले गेले. मात्र ज्यांचे नाव कूळ म्हणूनही वहीत नव्हते, ते शेतमजूर जेथे होते तेथेच राहिले. कसणाऱ्या घरातल्या स्त्रीचे नावही क्वचितच लागले. वहीवर विसंबलेली प्रत्येक सुधारणा वहीबाहेरच्या माणसाला ओलांडून जाते.

२५/
दानातून हा प्रश्न सुटेल, अशीही आशा होती. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे विनोबा भावे यांना भूदानात १०० एकर जमीन मिळाली आणि चळवळ देशभर गेली. तिची नैतिक उंची वादातीत आहे. पण दान मिळालेली बरीच जमीन नापीक, वादग्रस्त किंवा कधीच न वाटलेली निघाली. दात्याच्या मर्जीवर उभा असलेला हक्क म्हणजे पुन्हा सवलतच.

२६/
सहकाराने वेगळी वाट धरली. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला. १९५० च्या हंगामात गाळप सुरू झाले. ऊस पिकवणारा हाच कारखान्याचा भागीदार, आणि भाग कितीही असोत, मत एकच. ही कल्पना क्रांतिकारक होती. पुढे अनेक कारखाने मोजक्या घराण्यांच्या कह्यात गेले आणि कित्येक आजारी पडून विकलेही गेले. सभासदाच्या हाती भागपत्र उरले, निर्णय उरला नाही.

२७/
या साऱ्यातून घेतलेला धडा एका कायद्यात दिसतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात कसणाऱ्यांना दिलेला हक्क वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. आणि विवाहित असल्यास तो पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. शिवाय संपूर्ण गावाला आपल्या जंगलाचे व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्कही त्यात आहे. वतनातली बेडी टाकून हमी तेवढी ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

२८/
गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने तो प्रत्यक्षात आणला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेकडे आला. या ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतात. २०१३ मध्ये १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली शेतजमीनही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय गावाने केला. जे जंगल ‘सवलत’ होते, ते हक्क म्हणून परत आले.

२९/
‘हे आदिवासी गावापुरते ठीक, शहरात काय?’ असा आक्षेप अपेक्षितच आहे. शहरातल्या ‘स्वतःच्या’ फ्लॅटकडे पाहावे. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याप्रमाणे इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे करून देणे विकासकावर बंधनकारक होते. असंख्य इमारतींत ते झालेच नाही. म्हणून २००८ मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद आणावी लागली. आयुष्याची कमाई घातलेल्या कुटुंबाची जमीन कागदावर दुसऱ्याचीच राहिली.

३०/
मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त चाळींचा वाद तर याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढे गेला. मोडकळीस आलेली इमारत ७० टक्के रहिवाशांच्या मागणीवरून, मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन संपादित करण्याची तरतूद १९८६ मध्ये झाली होती. मालकांनी तिला आव्हान दिले. त्या वादातून उभ्या राहिलेल्या घटनात्मक प्रश्नावर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय आला. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. काही ठरू शकतात. रेषा कोठे ओढावी, हा प्रश्न मिटलेला नाही.

३१/
ज्या पिढीकडे ना शेत ना चाळ, तिचाही यात संबंध आहे. २००९ मध्ये ॲमेझॉनने वाचकांनी विकत घेतलेल्या ऑर्वेलच्या ‘१९८४’ च्या प्रती त्यांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या; विक्रेत्याकडे प्रकाशनाचे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत मिळाले. मात्र ‘विकत घ्या’ हे बटण दाबून हाती आली होती ती सवलत, हेही कळले. १८७८ च्या जंगलातला गुराखी हा अनुभव ओळखला असता.

३२/
म्हणून कोणतीही मालकी पवित्र वा अपवित्र ठरवण्याआधी तिला चार प्रश्न विचारावेत. येथे राहणाऱ्याला, राबणाऱ्याला कोणी हुसकावू शकते का? उत्पन्न कोणाच्या घरी जाते? वापराचा निर्णय कोण घेते, आणि त्या बैठकीत कोण बसत नाही? विकण्याची सही कोणाची? चारही उत्तरे एकाच नावाकडे जात असतील, तर इतर कोणाचे तरी हक्क पुसले गेले आहेत का, हे तपासावे.

३३/
यावर एक रास्त शंका उरते. विक्रीवर बंधन म्हणजे सरकारी परवानगी, आणि परवानगी म्हणजे चिरीमिरी. वर्ग २ च्या जमिनीसाठी खेटे घालणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. शंका खरी आहे. पण मोकळ्या सौद्याला कचेरीतली परवानगी हा एकच पर्याय नाही. फडाने पिकाचा निर्णय मामलेदाराला विचारून केला नव्हता. अंकुश हवा तो शेजाऱ्यांचा. आणि त्या शेजाऱ्यांत बाई, दलित, मजूर आणि भाडेकरू यांची गणना हवी.

३४/
१८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या रयतेने खते जाळली, पण त्यांच्या मागची कल्पना जळली नाही. विकता येते तेच आपले, असे अजूनही शिकवले जाते. इतिहास त्याहून जुनी आणि मजबूत व्याख्या सांगतो: जेथून कोणी उठवू शकत नाही आणि जेथल्या निर्णयात आपला शब्द चालतो, ते आपले. सातबाऱ्यावरचा ‘भोगवटादार’ हा शब्द त्यामुळे कमीपणाचा मानण्याचे कारण नाही. जो भोगवटा करतो त्याचा हक्क आधी, हा त्या शब्दाचा अर्थ कायद्याने आणि समाजाने अजून पुरता पाळायचा आहे.